उंदीर, झाडू आणि तुळस : इंदूरच्या १९१७ च्या दिवाळीचा एक धडा

इंदूरहून रस्त्याने उज्जैनला येणारा प्रवासी दक्षिणेच्या अंगाने शहरात शिरतो आणि नानाखेडा ह्या भागात येऊन पोहोचतो. आज तेथे बसस्थानक आहे, क्रीडांगण आहे, वसाहती आहेत, दुकाने आहेत. खेड्याची खूण उरली आहे ती केवळ नावात. माळव्यातील आणि महाराष्ट्रातील असंख्य खेडी, वाड्या व मळे अशाच रीतीने शहरांच्या पोटात गेले. शेताच्या जागी घरे आली, बांधावरचे झाड तुटले, विहीर बुजली. परंतु घर, शेत व झाड ह्यांचे जे परस्परावलंबन पूर्वी डोळ्यांना दिसत होते, ते रस्ता रुंद केल्याने संपत नाही. ते केवळ दृष्टीआड होते, आणि एखादी साथ आली म्हणजे एकाएकी प्रकट होते.

साथीच्या वेळी मनुष्यसमाज दुर्बळ का ठरतो, आणि त्याला बळ कशाने येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी नानाखेड्यापासून सुमारे ५५ किलोमीटरांवर, इंदूर शहरात १९१७ च्या दिवाळीत घडलेल्या एका प्रसंगाकडे आपण वळणार आहोत. मात्र त्या प्रसंगाचे मोल समजावयाचे तर आधी उंदीर ह्या क्षुद्र प्राण्याचा थोडा इतिहास ध्यानी घेतला पाहिजे. आणि पाळकवर्गाला तो इतिहास अगदीच अपरिचित नाही.

शास्त्रातील उंदीर

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचे पाचवे व सहावे अध्याय आपण अनेकदा वाचले आहेत. पलिष्टी लोकांनी कराराचा कोश अश्दोदास नेला, आणि तेथे लोकांच्या अंगावर गाठी उठू लागल्या. कोश गथास हलविला, पुढे एक्रोनास हलविला. आणि जेथे कोश गेला तेथे व्याधीही गेली. सात महिन्यांनंतर कोश परत पाठविताना पलिष्ट्यांनी दोन प्रकारच्या सोन्याच्या प्रतिमा अर्पण केल्या : पाच गाठींच्या व पाच उंदरांच्या. ते उंदीर भूमीची नासाडी करणारे होते, असे शास्त्रकार स्पष्ट सांगतो. कोश बेथ-शेमेशास पोहोचला तेव्हा तेथील लोक खोऱ्यात गव्हाची कापणी करीत होते, हेही तो सांगण्यास विसरत नाही.

ही व्याधी नेमकी कोणती ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ती गाठीचा प्लेग असावी असे अनेकांस वाटते, तर काहींना तो आतड्याचा विकार वाटतो. हिब्रू पाठात उंदीर प्रथम सहाव्या अध्यायात येतात. ग्रीक सप्तती भाषांतरात मात्र ते पाचव्यातच अवतरतात. तो वाद आपण बाजूस ठेवू. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, अंगावरची गाठ व शेतातला उंदीर ह्या दोन आपत्तींचे अर्पण त्या प्राचीन लोकांनी एकाच पेटीत ठेवले. घरातील रोग व शेतातील कीड ही एकाच संकटाची दोन तोंडे आहेत हे त्यांना उमगले होते. आपल्याकडे मात्र त्यांची खाती वेगळी झाली : एक आरोग्यखात्याकडे गेले, दुसरे शेतकीखात्याकडे.

काळ्या जमिनीच्या भेगा

दख्खनच्या व माळव्याच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात. ह्या भेगांत राहणाऱ्या एका मऊ केसांच्या शेत-उंदराचे वर्णन सर वॉल्टर एलियट ह्यांनी १८३९ मध्ये केले. एलियट हे धारवाडकडील दक्षिण मराठा मुलखात अधिकारी होते व त्यांची निरीक्षणे सूक्ष्म असत. त्यांनी नोंदविले आहे की, पावसाळ्याच्या आरंभी जोराचा पाऊस झाला म्हणजे ह्या भेगा मिटतात व त्यांतील उंदीर मोठ्या संख्येने मरतात. परंतु १८२६ मध्ये आरंभीचा पाऊस ओढला, भेगा तशाच उघड्या राहिल्या, आणि उंदरांची अमर्याद वाढ झाली. पेरलेले बी त्यांनी खाल्ले. जोंधळा उभा राहिला तेव्हा ताटावर चढून कणसे कुरतडली. शेतकऱ्यांना सारा भरता येईना. त्यांनी वडार लोकांना धान्याच्या मोबदल्यात उंदीर मारण्यास बोलाविले. हजारो मारले, तरी संख्या घटल्याचे दिसेना.

पुढे १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाच्या पाठोपाठ १८७९ च्या सुमारास दख्खनच्या जिल्ह्यांवर पुन्हा उंदरांची धाड आली. दुष्काळाने खंगलेल्या माणसाच्या हाती पहिले बरे पीक येणार, तोच उंदरांनी ते गिळावे, असे ते दिवस होते.

ह्यात एक नियम दिसतो. आपत्ती एकटी येत नाही. पाऊस चुकतो, त्यामुळे कीड वाढते; कीड वाढते, त्यामुळे अन्न तुटते; अन्न तुटते, त्यामुळे शरीर दुबळे होते; आणि दुबळ्या शरीरांच्या दाट वस्तीत रोग शिरतो. माळव्याने हे विक्रम संवत १९५६ च्या, म्हणजे इ. स. १८९९-१९०० च्या, 'छप्पनिया' दुष्काळात अनुभविले. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदूर येथे कार्य आरंभिले होते व पुढे उज्जैन हेही त्याचे एक ठाणे झाले. त्या मिशनच्या आश्रयास आलेली दुष्काळातील अनाथ मुले हा माळव्यातील मंडळीच्या इतिहासाचा एक मोठा अध्याय आहे.

पुणे, १८९७

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या गोमंतकीय वैद्याने प्लेग ओळखला. काही महिन्यांतच तो पुण्यास पोहोचला. पुढील काही दशकांत ह्या रोगाने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

रोगजंतूचा शोध १८९४ मध्ये हाँगकाँग येथे लागला होता. परंतु तो माणसापर्यंत कसा येतो हे कळले नव्हते. पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये उंदराच्या अंगावरील पिसवेकडे बोट दाखविले, आणि त्याचे म्हणणे सर्वमान्य होण्यास १९०५ नंतरच्या प्लेग संशोधन आयोगाचे प्रयोग व्हावे लागले. तोपर्यंत सरकारने शत्रू शोधला तो माणसांच्या घरांत. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड ह्यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. सैनिक घरोघर शिरले. रुग्णांना रुग्णालयात व त्यांच्या घरच्या मंडळींना छावण्यांत हलविले, सामान जाळले, जमिनी उकरल्या. देवघर व स्वयंपाकघर ह्यांचीही मर्यादा राहिली नाही. लोकांनी रोगी लपविले, प्रेते लपविली, घरे सोडून ते गावोगाव पांगले, आणि रोग त्यांच्याबरोबर पांगला. २२ जून १८९७ रोजी रँड ह्यांच्यावर गोळी झाडण्यात आली.

हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. साथ आवरणे आवश्यकच होते. पण ज्यांचे रक्षण करावयाचे त्यांचाच अवमान झाला, आणि अवमानित समाज सहकार्य करीत नाही. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी 'बॉम्बे गार्डियन' पत्रातून पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील व छावणीतील व्यवस्थेवर, विशेषतः स्त्रियांच्या सुरक्षिततेच्या अभावावर, उघड टीका केली. ख्रिस्ती असल्यामुळे सरकारविषयी मौन पाळावे असे त्यांना वाटले नाही. ह्याच साथीत सावित्रीबाई फुले आजाऱ्यांची शुश्रूषा करीत असता स्वतः प्लेगला बळी पडल्या. १० मार्च १८९७ हा त्यांचा मृत्युदिन. सत्तेचा दंडुका, सत्यकथनाची लेखणी व सेवेचे हात, अशी साथीला मिळालेली तीन उत्तरे त्या एका वर्षात, एकाच शहराच्या परिसरात दिसली. चौथे उत्तर वीस वर्षांनी इंदुरात दिसावयाचे होते.

इंदूर, १९१७

पॅट्रिक गेडिस हे मूळचे स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांचे वडील फ्री चर्चचे वडील होते. स्वतः गेडिस मात्र पुढे मंडळीच्या चाकोरीबाहेर गेले. शहर हाही एक सजीव देह आहे, त्याची नाडी पाहिल्याशिवाय त्याच्यावर शस्त्र चालवू नये, असे त्यांचे मत होते. १९१४ मध्ये ते भारतात आले आणि त्यांनी अनेक शहरांचे अहवाल लिहिले. रोगाचे घर म्हणून सबंध मोहल्ला जमीनदोस्त करण्याची पद्धत त्यांना अमान्य होती. मोडकळीस आलेले एखादे घर काढावे, लहानसे अंगण मोकळे करावे, विहीर, देवळापुढचा पार व त्यावरचे झाड राखावे, असे ते सांगत. डासांच्या भयाने तळी बुजविण्यापेक्षा त्यांत मासे व बदके सोडावीत असाही त्यांचा सल्ला असे.

१९१७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दुःखद वर्ष होते. एप्रिलमध्ये त्यांचा थोरला मुलगा फ्रान्समधील रणांगणावर पडला, आणि जूनमध्ये त्यांची पत्नी आतड्याच्या तापाने भारतातच वारली. आजारी पत्नीला मुलाच्या मृत्यूची वार्ता त्यांनी कळू दिली नव्हती. अशा मनःस्थितीत, तिसरे तुकोजीराव होळकर ह्यांच्या दरबाराच्या कामासाठी ते इंदुरात वावरत होते. शहरात प्लेग होता. हाती नकाशा घेऊन गल्लीबोळ धुंडाळणारा हा दाढीवाला साहेब पाहून लोक त्याच्याकडे बोट दाखवीत : हाच प्लेग आणणारा साहेब! वीस वर्षांपूर्वीच्या पुण्याची स्मृती त्या संशयामागे असल्यास नवल नव्हते.

गेडिस ह्यांनी त्या संशयाला अधिकाराने नव्हे तर उत्सवाने उत्तर देण्याचे ठरविले. एका दिवसापुरते आपणांस महाराजांचे अधिकार मिळावेत, अशी त्यांनी विनंती केली व ती मान्य झाली. दिवाळी जवळ आली होती. दिवाळीत घर झाडावे, सारवावे, केर बाहेर टाकावा हे तर प्रत्येक गृहिणी जाणते. तेव्हा जाहीर करण्यात आले की, यंदा दिवाळीला मोठी मिरवणूक निघेल. परंतु ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, तर जो रस्ता व जो मोहल्ला सर्वांत अधिक स्वच्छ व दुरुस्त झालेला दिसेल त्यातून जाईल. मिरवणूक आपल्या दारावरून जावी असे कोणाला वाटणार नाही? घरे डागडुजी होऊन रंगू लागली, अंगणे निघाली, उंदीर पकडले गेले. कचरा विनामूल्य वाहून नेण्याची सोय केली होती. गेडिस ह्यांच्या सांगण्याप्रमाणे सहा हजारांहून अधिक गाड्या केर शहराबाहेर गेला.

मिरवणुकीत प्रथम सैन्य, हत्ती, उंट, सुगीची व समृद्धीची दृश्ये आणि लक्ष्मीची स्वारी होती. त्यामागून कर्कश वाद्यांच्या गजरात संकटांची दृश्ये आली : मोडकी घरे, घाणीचा अक्राळविक्राळ राक्षस, डास, आणि ज्याच्या अंगावर पिसवा थरथरत आहेत असा प्रचंड उंदीर. सिमाँचे जे संशोधन विद्वानांच्या सभांत वादात पडले होते, ते अक्षरशत्रू माणसालाही एका दृष्टिक्षेपात कळले.

आणि त्यानंतर आले शहराचे झाडूवाले. सर्वांच्या अंगावर शुभ्र नवे कपडे, डोक्यावर नवी पागोटी, हातांत नवे झाडू व त्या झाडूंना फुलांच्या माळा. केराच्या गाड्या रंगविलेल्या, बैलांची शिंगे रंगविलेली. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई ते लोक राजरस्त्याच्या मध्यभागातून, सबंध शहराच्या देखत, सन्मानाने चालत होते. मिरवणूक निघण्यापूर्वी गेडिस त्यांच्या रांगेत गेले आणि त्यांच्यातील एका वृद्धाच्या झाडूवरचे फूल मागून घेऊन त्यांनी आपल्या कोटाला लावले.

शेवटी नव्या शहराच्या योजनेची दृश्ये, कारागिरांच्या गाड्या आणि फळाफुलांच्या गाड्या आल्या. घरोघरी लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटण्यात आली. रात्री घाणीचा राक्षस व तो उंदीर ह्यांचे दहन झाले. ज्या साहेबाकडे लोक भयाने पाहत, त्याच्याकडे आता ते निराळ्या दृष्टीने पाहू लागले.

यशाचे माप

इतिहास लिहिणाऱ्याने येथे सावध राहिले पाहिजे. ह्या दिवाळीची हकिकत मुख्यतः गेडिस ह्यांच्या स्वतःच्या कथनातून आपणापर्यंत आली आहे. साथ ओसरली हे खरे. परंतु प्लेगचा जोर ऋतुमानाप्रमाणे आपोआपही कमी होतो, आणि हे गेडिस ह्यांनीही नाकारले नाही. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, इन्फ्लुएंझाची जी लाट मुंबई बंदरातून रेल्वेमार्गाने देशभर पसरली, तिच्यापुढे कोणाचेही झाडू चालले नाहीत. सर्व रोगांवर एकच उपाय असतो असे ह्या प्रसंगावरून कोणी समजू नये.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. झाडूवाल्यांना जो मान मिळाला तो एका दिवसाचा होता. गेडिस ह्यांना खर्चिक गटारयोजना पसंत नव्हत्या. शहराचा मैला बागांच्या खतासाठी वापरावा असे ते १९१८ च्या आपल्या इंदूरविषयक अहवालात आग्रहाने मांडतात. मातीच्या दृष्टीने ह्या विचारात तथ्य आहे. परंतु तो मैला कोण उचलणार, हा प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो. इंदुराजवळच्याच महू छावणीत १८९१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांनी पुढे भारतीय समाजाला हाच प्रश्न विचारला : काम घाणेरडे म्हणून माणूस हीन, की माणूस हीन ठरविला म्हणून घाणेरडे काम त्याच्या माथी? हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर कायद्याने बंदी येण्यास १९९३ साल उजाडले, आणि तो कायदा अपुरा ठरल्याने २०१३ मध्ये नवा करावा लागला. फुलांची माळ हा न्यायाचा आरंभ असू शकतो. ती न्यायाची जागा घेऊ शकत नाही.

तथापि त्या दिवसाचे मोल कमी होत नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात देहाची उपमा आहे. ज्या अवयवांना आपण कमी मानाचे समजतो त्यांना देवाने अधिक मान दिला आहे, असा तेथील आशय आहे. आपण हा भाग बहुधा मंडळीतील कृपादानांविषयी प्रवचन करताना घेतो. इंदूरच्या राजरस्त्यावर तो नगराच्या देहाविषयी खरा असल्याचे दिसले. पुण्यात शहर वाचविण्यासाठी शहरवासीयांस अपमानित करण्यात आले. इंदुरात शहर वाचविण्यासाठी त्यातील सर्वांत अपमानितांस पुढे आणण्यात आले. दोन्ही ठिकाणी झाडूच वापरला गेला, पण त्यामागील भूमिका निराळी होती.

खत, कीड व वृक्ष

इंदूरच्या ह्या कथेला एक उत्तरार्ध आहे, व तो शेतीचा आहे. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी इंदूर येथे वनस्पति-उद्योग संस्था उभारली. त्यांनी आपले सहकारी यशवंत वाड ह्यांच्यासह शेतातील पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत्रमिश्रित माती व राख ह्यांपासून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली. जगभर तिला 'इंदूर पद्धत' म्हणतात. दोघांचे 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' हे पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या शहराने केर गावाबाहेर काढण्याची मिरवणूक काढली, त्याच शहरात त्या केराला मातीत परत नेण्याचे शास्त्र जन्मास यावे, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

हॉवर्ड कीड व रोग ह्यांस शेतकऱ्याचे शिक्षक मानीत. कीड पडली म्हणजे जमिनीचे किंवा लागवडीचे काहीतरी चुकले आहे, असे ती सांगते, असा त्यांचा सिद्धान्त होता. तो सर्वस्वी खरा आहे असे आजचे शास्त्र मानीत नाही. निरोगी पिकावरही कीड पडते. परंतु त्यातील इशारा खोटा नाही. इंदूरच्या दिवाळीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, २०१७ च्या हंगामात, विदर्भातील कापसावर शेंदरी बोंडअळीने मोठी आपत्ती आणली. विस्तीर्ण प्रदेशात एकाच प्रकारचे बियाणे आणि एकाच संरक्षणावर सर्वांचा भरवसा, अशी अवस्था झाली होती. अळीने ते संरक्षण भेदले तेव्हा मागे दुसरी तटबंदी नव्हती. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषारी फवारणीने शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले.

वृक्षांचेही असेच आहे. मुंबईच्या रस्त्यांना सावली देणारे मोठे पर्जन्यवृक्ष अलीकडील वर्षांत पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने मोठ्या संख्येने वाळले. ज्यांच्या बुंध्याभोवती पाण्यास वाव न ठेवता काँक्रीट ओतलेले असते ती झाडे अशा किडीपुढे लवकर हार खातात. महाराष्ट्रात नागरी वृक्षांच्या रक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. परंतु कायदा कुऱ्हाडीचा हिशेब ठेवतो, गुदमरणाऱ्या मुळांचा नाही. जुने झाड गेले म्हणजे केवळ सावली जात नाही. त्याच्या ढोलीत राहणारे गव्हाणी घुबडही जाते, आणि त्या घुबडाचे मुख्य अन्न उंदीर हेच होय. आपण ज्याला अशुभ म्हणून हाकलतो तो पक्षी रात्रभर आपल्या धान्याची राखण करीत असतो. अशा प्रकारे रोग, कीड व वृक्षनाश ही तीन वेगळी प्रकरणे न राहता एकाच साखळीच्या कड्या ठरतात.

मामल्यापासून नानाखेड्यापर्यंत

प्लेग ही गतकाळाची गोष्ट झाली असे वाटत असतानाच १९९४ मध्ये तो बीड जिल्ह्यातील मामला ह्या गावी आढळला. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीच्या भूकंपाने मराठवाडा हादरला होता. भयाने लोकांनी घरे सोडली, साठविलेले धान्य घरांत राहिले, आणि ओस घरांतील त्या धान्यावर उंदीर पोसले, अशी त्या प्रादुर्भावाची मीमांसा करण्यात आली. घरात पडलेले मेलेले उंदीर व पिसवांचा त्रास ह्या खुणा ग्रामस्थांनी रोग प्रकटण्यापूर्वीच पाहिल्या होत्या. एलियट ह्यांच्या काळी जमिनीच्या भेगांनी जे केले ते ह्या वेळी घरांच्या भेगांनी केले. त्याच वर्षी सप्टेंबरात सुरतेत साथ आली, पन्नासच्या वर माणसे दगावली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. पुढे सुरतेने कात टाकली. २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात तिने इंदूरबरोबर पहिला क्रमांक विभागून घेतला. इंदूर तर २०१७ पासून सातत्याने तेथे होते. प्लेगने पछाडलेली दोन शहरे अशा रीतीने एका पंक्तीस बसली.

हे यश खरे आहे. परंतु इंदुरातून वाहणारी कान्ह नदी उज्जैनच्या दक्षिणेस त्रिवेणी येथे क्षिप्रेस मिळते. ते स्थान इंदूर रस्त्यावर, नानाखेड्याच्याच बाजूस आहे. इंदूरचे सांडपाणी घेऊन येणाऱ्या ह्या नदीचे पाणी यात्रेकरूंच्या स्नानघाटांवर येऊ नये म्हणून २०१६ च्या सिंहस्थापूर्वी ते मोठ्या नळांतून उज्जैनच्या पलीकडे वळवावे लागले. म्हणजे एका नगराने आपल्या उंबऱ्याबाहेर लोटलेले दुसऱ्याच्या दारी येते, आणि दुसरे ते तिसऱ्याकडे वळविते. अश्दोदाने गथाकडे, गथाने एक्रोनाकडे जे केले तेच हे. संकट शेजाऱ्याकडे हलविणे म्हणजे संकटनिवारण नव्हे, हे पलिष्ट्यांना सात महिन्यांत कळले.

उज्जैनला क्षिप्रेच्या काठी सिद्धवट आहे. श्रद्धाळू लोक त्या एका वटवृक्षाची पिढ्यान्‌पिढ्या राखण करीत आले आहेत. त्या श्रद्धेविषयी आपले मत काहीही असो, एक प्रश्न आपण स्वतःस विचारू शकतो : नानाखेड्यासारख्या वस्तीतील, ज्याला नाव नाही, कथा नाही, देऊळ नाही अशा रस्त्याकाठच्या साध्या कडुनिंबाची राखण कोण करणार?

पाळकाची नोंदवही

येथे पाळक व धर्मशिक्षक ह्यांस काही करता येण्याजोगे आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये दफनाच्या नोंदवह्या आहेत. दुष्काळ, प्लेग व इन्फ्लुएंझा ह्यांच्या वर्षांची पाने त्यांत भरून गेलेली आढळतील. त्या वह्या वाळवीच्या तोंडी न देता जपाव्यात, वाचाव्यात. कोणत्या वाडीत, कोणत्या महिन्यात, कोणत्या वयाची माणसे गेली हे पाहावे. आपल्याच गावाच्या दुर्बळतेचा नकाशा त्यांतून हाती येईल.

दुसरे, डोळे उघडे ठेवावेत. अहमदनगर जिल्ह्यातील वडाळा येथे कार्य केलेले अमेरिकन मराठी मिशनचे रेव्ह. सॅम्युएल फेअरबँक हे पक्षी व वनस्पती ह्यांचे जाणते अभ्यासक होते. एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आजही आहे. खेडोपाडी फिरणाऱ्या सेवकाला जे दिसते ते कचेरीतील अधिकाऱ्याला दिसत नाही. घरात उंदीर मरून पडू लागले, विहिरीचे पाणी गढूळ झाले, पिकावर अनोळखी अळी आली, तर धर्मशिक्षकाने ते आरोग्यकेंद्रास व शेतकी अधिकाऱ्यास त्याच दिवशी कळवावे.

तिसरे, साथीच्या काळात कोणाला तरी दोषी ठरविण्याची घाई होते : परगावचा, परधर्माचा, परजातीचा. ज्यांच्याकडे बोट दाखविले जाते त्यांच्या शेजारी उभे राहणे हे पाळकाचे काम आहे. आणि व्यासपीठावरून जो मान शब्दांनी द्यावयाचा तो वेतन, सुरक्षित साधने व समान पंगत ह्यांनीही दिला जातो की नाही, हे प्रथम आपल्याच मंडळीच्या आवारात पाहावे. आपल्या चर्चचे प्रांगण कोण झाडतो, आणि नाताळच्या भोजनाला तो कोठे बसतो?

गेडिस ह्यांनी कोटाला लावलेले ते फूल सायंकाळपर्यंत कोमेजले असेल. मुलगा व पत्नी गमावलेल्या एका माणसाने भयग्रस्त नगरात ते एका झाडूवाल्याच्या हातून मागून घेतले होते. साथीच्या काळी आपल्या हाती औषध नसेल, सत्ता नसेल, पैसाही नसेल. परंतु ज्याला कोणी काही मागत नाही त्याच्यापुढे आदराने हात पसरणे आपल्याला नक्कीच शक्य आहे.